नोटा, नाणी आणि दारावरच्या सरकारी नोटिसा: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या कॅश काउंटरवर माझी तीन दशकं गेली. निवृत्त झालो तरी गल्लीतली माणसं संध्याकाळी फाटकी नोट घेऊन दारात येतात आणि विचारतात, "ही चालंल न्हवं?" कधीकधी दुसराच एक कागद घेऊन येतात: दारावर चिकटवलेली आणि रागाच्या भरात ओरबाडून काढलेली नोटीस. या दोन्ही कागदांबद्दल इतक्या चुकीच्या समजुती आहेत, की घाबरायचं कारण नसतं तिथं माणसं घाबरतात आणि खरोखर जपायला हवं तिथं बिनधास्त असतात. खालचे प्रश्न मला प्रत्यक्ष विचारले गेलेले आहेत. फौजदारी कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची दिली आहेत. जुन्या दंड संहितेतले आकडे अजून लोकांच्या तोंडी आहेत, ते इथं शोधू नका.

नोट फाडली किंवा तिच्यावर लिहिलं तर तुरुंगवास होतो का?

स्वतःची नोट हातून फाटली, लेकरानं फाडली, तिच्यावर हिशेब मांडला, एवढ्यासाठी तुरुंगात टाकणारं कलम नाही. नोटांवर लिहू नका, अशी रिझर्व्ह बँक विनंती करते आणि ती मनावर घ्यावी अशीच आहे. नोट दुसऱ्याची असेल आणि तुम्ही ती मुद्दाम फाडली, तर मात्र ते इतर कुठल्याही वस्तूचं नुकसान केल्यासारखंच आहे. त्याला कायद्याच्या भाषेत आगळीक म्हणतात आणि त्यासाठी कलम ३२४ आहे.

खरी शिक्षा खिशाला होते. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ च्या कलम २८ नुसार हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा फाटक्या नोटेचे पैसे हक्क म्हणून मागता येत नाहीत. बँक ते देते ते २००९ च्या नोट परतावा नियमांप्रमाणे, आणि या नियमांत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आहे. नोट मुद्दाम कापलेली, फाडलेली किंवा तिच्याशी खेळ केलेला दिसला, तर दावा फेटाळता येतो. अपघात आणि मुद्दाम केलेलं काम यांतला फरक काउंटरवरच्या माणसाला कडा बघून कळतो. दुमडून झिजलेल्या घडीवर नोट विरते, धागे सुटतात. कात्रीनं कापलेली कड सरळ असते.

नोटेवर पेननं लिहिलेलं असलं तर दुकानदार "चालत नाही" म्हणतो. त्याचं बरोबर आहे का?

नाही. नाव, आकडा, फोन नंबर, शाईचा डाग, होळीचा रंग, यामुळं नोट बाद होत नाही. ती चलनात राहते आणि कुठल्याही बँकेच्या शाखेत भरता येते, बदलता येते. अपवाद एकच: राजकीय घोषणा किंवा राजकीय संदेश लिहिलेली नोट. ती कायदेशीर चलन राहत नाही आणि तिचे पैसेही मिळत नाहीत. निवडणुकीच्या हंगामात नोटेवर काही लिहायचा मोह झाला, तर तेवढे पैसे पंचगंगेत सोडल्यासारखे समजा.

फाटक्या नोटेचे किती पैसे मिळतात?

इथं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान अज्ञानामुळं इथंच होतं.

२० रुपयांपर्यंतच्या नोटेचा सलग असा सर्वांत मोठा तुकडा अर्ध्याहून जास्त असेल, तर पूर्ण पैसे. नसेल तर काहीच नाही. या नोटांना अर्धी किंमत हा प्रकारच नाही.

५० रुपये आणि त्यावरच्या नोटांना तीन पायऱ्या आहेत. सलग तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण किंमत, ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी, ४० टक्क्यांहून कमी असेल तर शून्य. सध्याची ५०० ची नोट ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब, म्हणजे ९९ चौरस सेंटिमीटर. तिचे पूर्ण पैसे मिळायला ८० चौरस सेंटिमीटर लागतात, अर्ध्याला ४०. जांभळट १०० च्या नोटेला हेच आकडे ७५ आणि ३८ आहेत. घरात लेकराची पट्टी असेल तर तुम्हीच मोजून बघा आणि मगच बँकेत जा.

आता महत्त्वाचं. ५० किंवा त्यावरची नोट दोन तुकडे होऊन फाटली असेल, दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असतील आणि प्रत्येक तुकडा निदान ४० टक्के असेल, तर पूर्ण पैसे मिळतात. माणसं लहान वाटणारा तुकडा टाकून देतात आणि मोठा घेऊन येतात. लक्ष्मीपुरीतला एक धान्यवाला असाच २०० च्या नोटेचा एक तुकडा घेऊन आला होता. दुसरा कुठं, विचारलं तर म्हणाला, "गल्ल्यात हुता, झाडताना गेला." शंभर रुपये झाडूबरोबर गेले. नोट फाटली की दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवायचे, एवढंच.

दोन तुकडे नीट जोडून चिकटवलेली, पूर्ण भरणारी आणि महत्त्वाची खूण न गेलेली नोट तर फाटकी नव्हे, मळकी धरली जाते. ती सरळ काउंटरवर बदलून मिळते. मात्र एका नोटेचा तुकडा दुसऱ्या नोटेला जोडून आणू नका. नंबर दोन्ही बाजूंना असतात, ते जुळले नाहीत की प्रश्न सुरू होतात.

"तुमचं खातं आमच्याकडं नाही, इथं बदलून मिळणार नाही" असं बँकेत सांगितलं तर?

खातं असण्याची अट नाही. एका दिवसात २० नोटांपर्यंत, एकूण ५,००० रुपयांपर्यंतच्या मळक्या नोटा कुठल्याही शाखेनं काउंटरवर फुकट बदलून द्यायच्या आहेत. त्यापेक्षा जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेते आणि शुल्क लावू शकते. फाटक्या नोटा पाचपर्यंत असतील, तर शाखेनं स्वतः तपासून पैसे द्यावेत. जमत नसेल तर पावती देऊन करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या वतीनं नोटांचा साठा ठेवणारी तिजोरी) असलेल्या शाखेकडं पाठवाव्यात आणि ३० दिवसांत पैसे द्यावेत.

मी निवृत्त झाल्यावर माझ्याच बहिणीला एका शाखेतून परत पाठवलं होतं. "वर साहेब नाहीत" हे कारण. तिनं शांतपणे सांगितलं, लेखी द्या. दहा मिनिटांत नोट बदलून मिळाली. मला त्या कॅशिअरचा राग नाही, रांग मोठी असते हे मी जाणतो, पण त्यानं परत पाठवलेली माणसं दुसऱ्यांदा येत नाहीत आणि ती नोट आयुष्यभर डब्यात पडते.

ऐकलंच नाही तर शाखेकडं लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

पुरात भिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटांचं काय करायचं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, म्हणजे किती वर ते बघा. पाणी ओसरल्यावर आमच्या काउंटरवर जे आलं ते मी विसरणार नाही. चिखलीकडच्या एक आजी तांदळाचा पितळी डबा घेऊन आल्या. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत नोटा, त्यावर फुगलेला, आंबलेला तांदूळ. पिशवीत गाळ शिरला होता. नोटांची वडी झाली होती, साबणाच्या वडीसारखी. लेकानं घरी सुरीच्या टोकानं चार-पाच नोटा सोडवायचा प्रयत्न केला होता. तीन नोटांचा वरचा पापुद्राच निघून आला, त्यांच्यावरचा नंबर आणि धागा खालच्या नोटेला चिकटलेला. जेवढं नुकसान पाण्यानं केलं नव्हतं, तेवढं सुरीनं केलं.

म्हणून सांगतो. सहज सुटणाऱ्या नोटा सावलीत, वर्तमानपत्रावर पसरून वाळवा. इस्त्री फिरवू नका, चुलीजवळ ठेवू नका, उन्हात कडक होऊ देऊ नका. ज्या सुटत नाहीत त्यांना हात लावू नका, आहे तशी वडी घेऊन जा. वाळलेल्या नोटा जवळच्या शाखेत मळक्या म्हणून चालतात. अगदी ठिसूळ, जळक्या, कोळसा झालेल्या किंवा सुटतच नाहीत अशा चिकटलेल्या नोटा शाखा घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयातच, म्हणजे नोटांचं काम बघणाऱ्या कार्यालयातच, द्याव्या लागतात. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत, म्हणजे आपल्याला मुंबईची गाडी धरावी लागते. जाताना पंचनाम्याची प्रत, ओळखपत्र आणि नोटांची पिशवी जशीच्या तशी न्या.

उंदरानं कुरतडलेली, वाळवी लागलेली?

नियम तोच, चौरस सेंटिमीटरचा. कुरतडलेले तुकडेही गोळा करून आणा.

पैलवानाला नोटांचा हार घालतो, वरातीत नोटा उधळतो. हा गुन्हा आहे का?

नोटांचे हार करू नका, मंडप आणि मखर सजवू नका, समारंभात उधळू नका, असं आवाहन रिझर्व्ह बँकेनं केलेलं आहे. ते आवाहन आहे, शिक्षेचं कलम नाही. तरीही मी मनापासून सांगतो: करू नका. खासबागेत जिंकलेल्या पैलवानाच्या गळ्यात हार पडतो तेव्हा मलाही भरून येतं. पण दुसऱ्या दिवशी तोच हार काउंटरवर येतो. एकेक नोट स्टेपलची पिन काढून सोडवायची, पिनेनं भोक पाडलेलं, घामानं आणि गुलालानं रंगलेली. त्यातल्या कितीतरी नोटा पुन्हा चलनात जात नाहीत, कारण फाटक्या, विद्रूप किंवा फार मळलेल्या नोटा पुन्हा चलनात सोडायच्या नाहीत, असं रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २७ मध्येच आहे. रोख बक्षीस पाकिटातून द्या, पैलवानाला तेवढंच कामाला येतं.

स्टेपलवरून आठवलं: नोटांच्या बंडलाला स्टेपल लावू नये, असे निर्देश बँकांना २००१ पासून आहेत. कागदी पट्टी वापरायची. मार्केट यार्डात गुळाच्या विक्रीचे पैसे अजूनही पिना मारून येतात. गुळाचा चिकटपणा आणि पिनेचा गंज, दोन्ही मिळून नोटेचं आयुष्य अर्धं होतं.

नाणी वितळवणं, भोक पाडून दागिना करणं चालतं का?

नोटेच्या बाबतीत कायदा मवाळ आहे, नाण्याच्या बाबतीत अजिबात नाही. नाणे कायदा, २०११ च्या कलम १२ प्रमाणे नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला बंदी आहे. वितळवलेलं नाणं जवळ बाळगणं आणि वितळवण्यासाठी किंवा दर्शनी किमतीपेक्षा वेगळ्या भावानं विकण्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त नाणी साठवणं, हेही त्यात येतं. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. शिवाय न्याय संहितेच्या कलम १७८ मध्ये, नाण्याचं वजन कमी करणं किंवा त्याचं रूप बदलणं हे बनावट नाणं करण्याच्या व्याख्येतच घातलं आहे.

यात एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँक काढत नाही, भारत सरकार काढतं, आणि या कायद्याच्या व्याख्येत ती नाण्यातच मोजली जाते. म्हणजे नष्ट करण्याची बंदी तिलाही लागू आहे.

गुजरीतल्या आणि हुपरीतल्या कारागिरांना राणीछाप रुपयाची काळजी वाटते. या कायद्यातलं नाणं म्हणजे आज कायदेशीर चलन असलेलं नाणं. राणीछाप चांदीचा रुपया आज चलन नाही, त्यामुळं घरातल्या जुन्या चांदीचा प्रश्न इथं येत नाही. मात्र जुना वाडा पाडताना पायात नाण्यांचं मडकं सापडलं, तर तो माल परस्पर वाटून घ्यायचा नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असं काही सापडलं, की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

दहा रुपयांचं नाणं आणि आठ आणे चालतात का?

दोन्ही चालतात. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले १४ नमुने चलनात आहेत आणि सगळे खरे आहेत, हे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये जाहीर केलं. रुपयाच्या चिन्हाचं असो वा नसो. ५० पैशांचं नाणंही कायदेशीर चलन आहे. बंद झाली ती २५ पैसे आणि त्याखालची, जून २०११ अखेर. एका व्यवहारात एक रुपया आणि वरची नाणी १,००० रुपयांपर्यंत आणि ५० पैसे १० रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन धरली जातात.

बनावट नोट हाती आली तर ती फाडून टाकू का?

फाडू नका, आणि "मला कुणी दिली तशी मी देतो" म्हणून पुढंही खपवू नका. खोटी आहे हे माहीत असताना खरी म्हणून वापरणं हा कलम १७९ चा गुन्हा आहे. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बँकेत दिलीत तर बँक तिच्यावर बनावट असा शिक्का मारून ठेवून घेते आणि पोच देते. पैसे मिळत नाहीत. एका व्यवहारात चारपर्यंत असल्या, तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवायला लागतो.

लग्नपत्रिका किंवा जाहिरात नोटेसारखी छापता येते का?

नको. नोटेशी फसवं साम्य असलेला कागद छापण्यासाठी कलम १८२ आहे. दंड थोडा आहे, ३०० रुपयांपर्यंत, पण छापखाना मात्र विनाकारण अडचणीत येतो.

दारावर चिकटवलेली सरकारी नोटीस मी फाडली. काय होईल?

इथून दुसरा कागद सुरू होतो. अधिकार असलेल्या लोकसेवकाची समन्स, नोटीस किंवा हुकूम, रीतसर चिकटवलेला, मुद्दाम काढून टाकणं हा न्याय संहितेच्या कलम २०७ चा गुन्हा आहे. एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. न्यायालयात हजर राहण्याबद्दलची असेल, तर सहा महिन्यांपर्यंत किंवा १०,००० रुपयांपर्यंत. नोटीस चिकटवू न देणं, दवंडी रोखणं, हेही त्यातच आहे. हे खटले कुणी शेजारी उठून दाखल करू शकत नाही. संबंधित लोकसेवकाची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार असेल, तरच न्यायालय दखल घेतं.

नोटीस फाडली की कारवाई थांबते, असं म्हणतात ते?

अजिबात थांबत नाही. याच समजुतीनं माणसं बुडतात. दिवाणी प्रकरणात माणूस सापडला नाही किंवा घ्यायला नकार दिला, तर बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा न्यायालयाचा माणूस, समन्सची प्रत बाहेरच्या दारावर लावतो आणि तसा अहवाल न्यायालयाला देतो. न्यायालयाचं समाधान झालं की बजावणी झाली. तुम्ही नंतर कागद फाडला काय, ठेवला काय, तारीख तीच. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल होतो आणि तो रद्द करून घेण्यासाठी अर्जाची मुदत फक्त ३० दिवसांची.

म्हणून नोटीस दिसली की पहिलं काम फोटो काढायचा: मजकूर, शिक्का, सही, तारीख, दारासकट. मग वाचायची. कळली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि ठरलेल्या उत्पन्न मर्यादेतल्या माणसांना तिथं वकील फुकट मिळतो.

कर्ज थकल्यावर बँक घरावर लावते ती ताबा नोटीसही फाडू नये का?

फाडून उपयोग नाही. ती दाराबरोबर दोन वर्तमानपत्रांतही छापून येते. तुमच्या हातात ४५ दिवस असतात, तेवढ्यात कर्जवसुली न्यायाधिकरणाकडं अर्ज करता येतो. नोटीस फाडण्यात एक दिवस घालवू नका.

चावडीवरची फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस कुणी काढून टाकली तर?

ही नोटीस सगळ्यात जपायला हवी. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवतो तेव्हा त्या नोंदीची प्रत चावडीत ठळक जागी लावतो आणि हितसंबंधितांना लेखी कळवतो. हरकतीला १५ दिवस. करवीर तालुक्यातल्या एका गावात दोन भावांच्या वाटणीत धाकट्यानं ही प्रत रातोरात काढली. थोरला पुण्याला होता. त्याला कळलं ते त्याच्या वाट्याच्या शेतात ट्रॅक्टर फिरल्यावर. भावाभावात आजही बोलणं नाही. भिंतीवरचा तो कागद कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. ज्याला गावात राहता येत नाही, त्याच्यासाठी तो तिथं असतो.

आता ‘आपली चावडी’ या महाभूमीच्या संकेतस्थळावर गाव निवडून चालू फेरफार बघता येतात. बाहेरगावी असाल तर महिन्यातून एकदा बघत जा.

नोटीस पावसानं वाहून गेली, शेळीनं खाल्ली. माझ्यावर येईल का?

येणार नाही. कलमात "हेतुपुरस्सर" हा शब्द आहे. पण कार्यालयात जाऊन सांगा, म्हणजे नवीन प्रत लागेल.

सरकारी फलकावर वाढदिवसाचा फलक लावला तर?

बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत हे रोज दिसतं. विद्रूपीकरणाला आळा घालणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फलक मोडला, वाकवला तर आगळीक आणि सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, १९८४ पुढं येतात, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वाहतुकीची खूण मुद्दाम काढायला किंवा खराब करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ ची बंदी आहे. मला सगळ्यात जास्त राग येतो तो नदीकाठच्या पूर-इशाऱ्याच्या फलकावर शुभेच्छा चिकटवलेल्या बघून. त्या फलकाकडं बघून कुणीतरी जनावरं सोडणार असतं.

निवडणुकीच्या याद्या आणि नोटिसा?

लोकसभा आणि विधानसभेसाठी लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १३६. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं लावलेली यादी किंवा नोटीस कपटानं फाडली, काढली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. निवडणूक कामावरच्या अधिकाऱ्यानंच केलं तर दोन वर्षांपर्यंत.

रस्त्यात पडलेली, फाटलेली सरकारी नोटीस सापडली तर काय करू?

स्वतः पुन्हा चिकटवू नका, भलत्याच दारावर गेली तर घोळ होतो. फोटो काढा, कुठं आणि किती वाजता सापडली ते मागं कागदावर लिहून ठेवा आणि नोटिशीवर ज्या कार्यालयाचा शिक्का आहे तिथं नेऊन द्या. नाव-पत्ता वाचता येत असेल आणि माणूस ओळखीचा असेल, तर त्याला आधी सांगा. कार्यालयातून पोच घ्या.